दुधाची चकती, लोणच्याची चकती

बेबाबाईला संस्थेने ठेवलं ते फरशी पुसायला. देवपुरातल्या शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तीत मोडके बाक आणि फाटके नकाशे पडलेले असत. एकोणनव्वद साली त्या खोलीत कॉम्प्युटर आला आणि रुपचंद सरांनी सांगितलं, की इथे धुळीचा कण दिसता कामा नये. चैत्र-वैशाखात पांझरा नदीकडून वारा सुटला की आमच्याकडे तव्यावरच्या भाकरीवरही धूळ बसते. म्हणून मुलींच्या वसतिगृहात पाणी भरणाऱ्या बेबाबाईला उचलून त्या खोलीत आणलं. तिचं पुसणं सगळ्यांना माहीत होतं. ती फरशी पुसत नसे, फरशीची खोड मोडत असे.

आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच. ती चौथी शिकलेली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि मला अक्का म्हणते. नवरा भिकन एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये. बोलते ती अहिराणी, आणि सगळ्यांशी तीच. संस्थेचे अध्यक्ष झुलाल आबा समोर उभे राहिले तरी तिची भाषा बदलत नाही आणि मानही फारशी वाकत नाही.

पहिल्यांदा तिने मला ती खोली दाखवली तेव्हा दारात चपला काढाव्या लागल्या. खिडक्यांना जाड पडदे, आत गारवा, बोलायचं ते हळू. मधोमध टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यावर मखमली कापड. मी सवयीने हात जोडले. बेबा म्हणाली, "अक्का, याले हात जोडीसन काही फायदा नही. याले कालनं काहीच याद ऱ्हास नही."

आणि ते खरंच होतं. त्या यंत्राला तोंडं दोन होती, पण पोट नव्हतं. तोंडात एक काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ वस्तू सरकवायची. तिच्या आत गोल चकती. सर तिला फ्लॉपी म्हणत, बेबा चकती म्हणे. सकाळी शाळेची चकती घातली की ते यंत्र शाळेचं होई आणि सहावी-सातवीचे निकाल दाखवी. दुपारी टायपिंगच्या वर्गाची घातली की वर्गाचं. संध्याकाळी आमच्या समाजाच्या मंडळाची घातली की त्यात वधू-वरांची सूची उमटे. चकती काढली की सकाळचं, दुपारचं, कुणाचंच काही त्याच्यापाशी नाही.

मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्या घरी पाट एकच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यावर गौराई बसते, श्रावणात कानबाई, भादव्यात गुलाबाई. ज्या दिवशी जी बसली, तिचा तो पाट. ती उठली की नुसतं लाकूड. यंत्र म्हणजे पाट, देव चकतीत. हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी जाड भिंगांचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वहिनी, इतकं सोपं करू नका. मी पुण्याला सहा महिने शिकलोय."

रुपचंद सर माणूस चांगला, पण शिकलेला आहे हे विसरू न देणारा. खिशात दोन पेनं, लग्न व्हायचं होतं, वय एकोणतीस. हे वय लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

सरांचा नियम एकच होता. एकेचाळीस चकत्या, सगळ्या एका पत्र्याच्या डब्यात, आणि दर शनिवारी सगळ्यांची एकेक नक्कल. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. ते म्हणत, "यालाच शिस्त म्हणतात."

आता मंडळाच्या सूचीत दर तालुक्याची वेगळी चकती. साक्रीकडच्या लोकांना मुलामुलींची लग्नं आठवतात ती आठवडेबाजाराच्या दिवशी. बाजार झाला की गुरुवारच्या एस.टी.ने चिठ्ठ्यांचा गठ्ठा येई, आणि सर त्या दिवशी बसून सगळं टिपत. एका शुक्रवारी साक्रीची चकती वाचेनाशी झाली. नक्कल होती ती मागच्या शनिवारची. सतरा मुलंमुली गेली. त्यांच्या चिठ्ठ्याही सरांनी, काम झालं म्हणून, टाकून दिलेल्या.

आणि शिरपूरची चकती, जी महिनाभर कुणी उघडली नव्हती, ती सर तरीही दर शनिवारी बाहेर काढत. पुढच्याच शनिवारी घाईत दोन तोंडांची अदलाबदल झाली. नवी नक्कल घ्यायची म्हणून जुनी आधीच पुसून कोरी केलेली, आणि भरलेल्या चकतीवर त्या कोरीचीच नक्कल उतरली. कोरी कोरीच राहिली आणि शिरपूरही कोरं झालं.

बेबा तेव्हा दारापाशी फडकं पिळत होती. तिने विचारलं, "सर, तुमना घरमा दूध अन् लोणचं एकच नेमवर ऱ्हास का?"

"काय?"

"दूधले दिनमा दोनदा तपाडनं पडस. लोणचाले वरीसभर हात लावानं नही. तुम्ही दूध तसंच ठेवतस, अन् लोणचाम्हा दर शनवारले हात घालतस. बठ्ठास्ले एकच शनवार कसा चालस?"

"बाई, तुम्ही फरशी बघा," सर म्हणाले.

पण सोमवारी झुलाल आबांनी, मंडळही तेच चालवत, शिरपूर कुठे गेलं म्हणून विचारलं, आणि सरांना सांगता येईना. मंगळवारी त्यांनी डब्याची किल्ली बेबापुढे टेबलावर ठेवली. म्हणाले, "चार दिवस बघा तुमच्या पद्धतीने." ते चार दिवस दोन वर्षं चालले.

तिने सगळ्या चकत्या डब्यातून बाहेर काढल्या आणि एकेकीची चौकशी केली. ही कुणाची, हिच्यावर कोण लिहितं, किती दिवसांनी लिहितं, ही गेली तर कोण रडेल. मग जिला जसं लागेल तसं. साक्री दुधाची, तिची गुरुवारी नक्कल आणि शुक्रवारी परत. जुने निकाल लोणच्याचे, त्यांना हात नाही. टायपिंगच्या वर्गाच्या चकत्यांना तिने कढी म्हटलं. आजची आज संपवायची, नक्कल वगैरे काही नाही. सरांनी यावर तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "पोरी ‘आमचे घर’ दहा-दहा वेळा टाइप करतस. ते तुमले कसाले जतन करनं शे?"

चकतीच्या कडेला एक खाच असते. तिच्यावर काळ्या कागदाची पट्टी चिकटवली की यंत्र ती चकती वाचतं, पण तिच्यावर लिहू शकत नाही. बेबा याला तीट लावणं म्हणे. शिरपूरची सूची पुन्हा सगळी टिपून झाली त्या दिवशी तिने पहिलं काम केलं ते तीट लावायचं. आणि चकतीच्या वेष्टणाला मधे एक लांबट खिडकी असते, तिथून आतली तपकिरी चकती दिसते. तिथे बोट लावायचं नाही. हे मात्र मी तिला शिकवलं असं ती सांगते, कारण माझ्या सोवळ्याच्या स्वयंपाकात तिने कधी मडक्याला हात लावला नव्हता. "तुमना सोवळापेक्षा हाई सोवळं कडक शे अक्का. देव तरी माफ करस."

आणखी एक तिच्या मनात आलं. डबा आणि नकला एकाच खोलीत. त्या खोलीचं छत गळलं तर दोन्ही गेलं. दुधाच्या चकत्यांची तिसरी नक्कल बाहेर हवी. तिच्या घरी ठेवता येईना, कारण भिकनच्या खिशात कायम लोहचुंबक. वर्कशॉपात सांडलेले नटबोल्ट उचलायला तो ते वापरी, आणि घरी आल्यावर कपाटाला, डब्याला, जिथे चिकटेल तिथे चिकटवून ठेवी. चकतीजवळ चुंबक गेलं की आतलं सगळं पुसलं जातं. नवरा बाहेर काढता येईना, म्हणून तिने चकत्या माझ्याकडे आणल्या. देव्हाऱ्याखाली पोथ्यांचा खण आहे, तिथे. वर निरांजन असतं, पण खणापर्यंत धग जात नाही, ते मी हात घालून पाहिलं. आमच्या ह्यांना मी सांगितलं नाही. खोटं बोलले नाही. त्यांनी विचारलंच नाही.

एक्याण्णवच्या भादव्यात सरांनी तिला बोलावून सांगितलं, की दिवाळीनंतर नवं यंत्र येणार. त्याच्या पोटातच चकती असते. इथल्यासारख्या शंभरावर चकत्या त्या एकीत मावतील. "मग हा डबा बंद, बाई. वसतिगृहात पाण्याला माणूस नाहीये, तुम्ही परत तिकडे जा."

ती माझ्याकडे आली तेव्हा तांदूळ निवडायला बसली. न विचारता, माझेच तांदूळ. अर्धं सूप निवडून झालं. मग म्हणाली, "हंडास्ना राग नही मले. डोकावर हंडा ली जासू. पन त्या चकत्या कोन सांभाळी? सर बठ्ठास्ले एकच शनवार लावतीन परत."

"सरांना सांग की."

"सर शिकेल शेतस. शिकेल मानूसले सांगानं नही, त्याले दखू देवानं."

काय पाहू द्यायचं, ते मला तेव्हा कळलं नाही. नवरात्रात कळलं.

दसऱ्याला शाळेत पाटी-पुस्तकांची पूजा असतेच. त्या वर्षी आबांनी ठरवलं, कॉम्प्युटरचीही करायची, आणि ती त्यांच्या पत्नी पुष्पाबाईंच्या हाताने. पुष्पाबाई मनाने मोठ्या, आणि कुंकवाला हात सढळ. त्यांनी ज्याला टिळा लावला तो माणूस दोन दिवस ओळखू येतो. बेबाने सरांना आठ दिवस आधी सांगितलं, की चकत्या पाटावर मांडू नका, कुंकू खिडकीतून आत गेलं तर चकती खरवडून निघेल.

"मी पुष्पाताईंना वरच्या कोपऱ्यात लावायला सांगेन," सर म्हणाले. "तुम्ही मला शिकवू नका."

सातव्या माळेला ती पदराखाली एक पुडकं घेऊन आली. दोन वर्षांत बिघडलेल्या बावीस चकत्या. तिने एकही टाकली नव्हती. सोबत कोऱ्या लेबलांची पट्टी. "अक्का, तुमनं अक्षर सरस्नामायक शे. लिखा. साक्री, शिरपूर, शिंदखेडा, सातवी अ, सातवी ब."

माझं अक्षर सरांसारखंच दिसतं, ते तिने हेरलं होतं. माझ्या रोजच्या टिपणाच्या वहीत त्या दिवशीचं एवढंच आहे: सातवी माळ, तिळाची फुलं. बेबा आली. अक्षर काढलं.

दसऱ्याच्या सकाळी खोली पुसायच्या निमित्ताने तिने खऱ्या चकत्या पिशवीत भरल्या आणि माझ्याकडे आणून ठेवल्या. पोथ्यांचा खण भरला, उरलेल्या मी गव्हाच्या कोठीवर स्वच्छ धोतर अंथरून मांडल्या. डब्यात त्या मेलेल्या बावीस. कढीच्या तिने तशाच राहू दिल्या. त्यांचं काही झालं तरी कुणी रडणार नव्हतं.

पूजेला मीही गेले. यंत्राभोवती झेंडूची माळ. पाटावर चकत्या ओळीने. सर पुढे झाले, आणि टेबलाच्या कुलपातल्या खणातून त्यांनी स्वतःची एक चकती काढली, लाल लेबलाची. ही त्यांनी कधी बेबाच्या डब्यात दिली नव्हती. तीत काय आहे कुणाला माहीत नव्हतं. ती त्यांनी सगळ्यांच्या आधी, अगदी पुष्पाबाईंच्या हाताशी ठेवली आणि डोळे मिटले.

पुष्पाबाईंनी हळद घेतली, कुंकू घेतलं. कोपऱ्यात लावा असं सांगायचं सरांनी, पण शेजारी आबा उभे. सर नुसते हात जोडून उभे राहिले. आणि चकती पाहिली की कुणालाही वाटेल, की ती मधली लांबट खिडकी टिळ्यासाठीच ठेवली आहे. पुष्पाबाईंनी एकेका खिडकीत अंगठ्याने कुंकू भरलं. वर हळद. वर चिमूटभर ओल्या अक्षता. यंत्राच्या दोन्ही तोंडांतही अक्षता टाकल्या, घास भरवावा तशा.

लाल लेबलाच्या चकतीला सगळ्यांत जास्त कुंकू लागलं. बेबाने ते पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघी झेंडूच्या पाकळ्या गोळा करू लागलो. हे बरं केलं असं मी म्हणत नाही. त्या दिवशी सोनं वाटताना मी सरांना दोन पानं जास्त दिली.

कोजागिरीपर्यंत सूचीची पानं छापखान्यात द्यायची होती. दोंडाईच्याला मेळावा ठरलेला, मांडव सांगितलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी साक्रीची चकती घातली. यंत्राने जात्यासारखा आवाज केला. काढून शिरपूरची घातली, तोच आवाज. दुसऱ्या तोंडात घातली. मग लाल लेबलाची घातली, तोच आवाज आला, तशी सरांनी ती काढून सदऱ्याला पुसली आणि पुन्हा घातली. आबा आले, पाहून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "रुपचंद, मेळाव्यात मी काय पंचांग वाचू का?"

बेबा फरशी पुसत होती. त्या दिवशी तिने ती खोली चार वेळा पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आमच्या दारात आले. बेबा आत माझ्याशी कोजागिरीच्या दुधाचं बोलत बसलेली. सरांनी चपला दाराच्या फार लांब काढल्या. म्हणाले, "बाई, तुमच्याकडे कुठे एखादी नक्कल..."

"सर, त्या पूजामा व्हत्यात त्या मरेल चकत्या व्हत्यात," बेबा शांतपणे म्हणाली. "जित्या बठ्ठ्या अक्काना देव्हाराम्हा शेतस. शिंदखेडा गहूसवर शे."

सर माझ्याकडे पाहू लागले. मी देवाकडे पाहू लागले.

"कालपासून का नाही बोललात?"

"तुम्हीज सांगं, फरशी दखा."

सरांना हसू आलं असावं, पण ते त्यांनी चष्म्यात जिरवलं. ते खणाकडे निघाले तशी बेबा आडवी आली. तिचं म्हणणं असं, की नवं यंत्र येऊ दे, पण किल्ली तिच्यापाशी राहील आणि हंडे दुसरं कुणी भरेल. आणि जिचा तिचा नेम तिने ठरवायचा, त्या पोटातल्या मोठ्या चकतीचासुद्धा.

"पण ती एकच असते, बाई. तिचे वेगळे नेम कसे करणार?"

"घर एकज ऱ्हास. म्हनीसन दूध न्हानीघरम्हा ठेवतस का? तिन्हा खोल्या पाडा."

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूच म्हणाले, "पाडता येतात तशा." हे त्यांना पुण्याला शिकवलं होतं, पण करावं असं कधी वाटलं नव्हतं. "बरं. लिहून देऊ का?"

"लिखू नका. तुमनं लिखेल पुसाई जास. आठे देवसमोर सांगा."

सरांनी देव्हाऱ्यासमोर उभं राहून सांगितलं. मी साक्षी. कुंकू लावायला गेले तर ते दोन पावलं मागे सरकले.

शाळेच्या औषधपेटीतलं स्पिरिट आणि कापूस घेऊन त्यांनी यंत्राची दोन्ही तोंडं पुसली. आतून भिजून फुगलेला एक तांदूळ निघाला. बेबाने तो तुळशीत टाकला. साक्री उघडली, शिरपूर उघडलं, शिंदखेडा गव्हाच्या दोन दाण्यांसह उघडलं. सगळी मुलंमुली जिथल्या तिथे. मग सरांनी फार सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि लाल लेबलाची? तिची नक्कल कुठे ठेवलीत?"

"ती तुम्ही मनाजोडे दिनी नव्हती, सर."

बेबाकडे कधी न दिलेल्या त्या चकतीत सरांची स्वतःची, सूचीत छापायची माहिती होती. दर वर्षी ते ती घरी जाण्याआधी एकट्याने लिहीत आणि पानं छापखान्यात जाता-जाता मधे सरकवत, म्हणजे कुणी आधी पाहायला नको. आता ती नव्याने लिहायची, आणि छापखान्याचा माणूस दारात. बेबा काच पुसायला कॉम्प्युटरशेजारी उभी राहिली. मी बेबाचा जेवणाचा डबा न्यायला आले होते ती तिथेच थांबले. सरांनी नाव लिहिलं. शिक्षण लिहिलं, पुण्याचे सहा महिने लिहिले. वयापाशी आले आणि त्यांनी दोन आणि नऊ दाबलं.

काच पुसता पुसता बेबा म्हणाली, "सर, मांगल्या दोन सूचीस्मा बी एकोणतीसज शे. आते तिसरी. ही दूधनी चकती शे का लोणचानी?"

छापखान्याचा माणूस खोकला. सरांनी मागे जाऊन नऊ पुसला, दोन पुसला, आणि चौतीस लिहिलं.

त्या सूचीत आणखी एकच वय असं होतं की वाचणाऱ्याने थांबावं. दोंडाईच्याच्या एका शाळेतल्या बाई, एकतीस, आणि पुढे कंसात ‘खरे’. मेळाव्यात त्या स्वतः सरांपाशी आल्या आणि तुमचंही खरं आहे का म्हणून विचारलं. माघात लग्न झालं. पुष्पाबाईंनी सरांना टिळा लावला, तो अजून फोटोत दिसतो.

यंत्र आलं ते लग्नानंतर. सरांनी पहिले दोन दिवस त्याच्या पोटात खोल्या पाडल्या, बेबा मागे उभी राहून कुठली केवढी ते सांगत होती. साक्रीला दाराजवळची दिली. तिच्या नकला चकत्यांवर चालूच राहिल्या, आणि माझा पोथ्यांचा खण काही रिकामा झाला नाही. वसतिगृहात पाण्याला संस्थेने नळ घेतला.

तिसऱ्या दिवशी सर लाल लेबलाची एक नवी चकती घेऊन बेबाच्या टेबलापाशी आले. हो, आता तिला टेबल होतं. म्हणाले, "ही तुमच्याकडे ठेवा. माझी माहिती आहे, चौतीसवाली."

बेबाने ती खिडकीला बोट न लावता उचलली, उलटून पाहिली. "दूध का लोणचं?"

सरांनी थोडा विचार केला. "लोणचं," ते म्हणाले.

तिने खणातून काळी पट्टी काढली आणि चकतीला तीट लावली.